हलला की मी गप्प

१४ मार्च. आभाळ निरभ्र, दुपारी कोरडा वारा सुटलेला.

मी बझर बोलतोय. आगीत शिरणाऱ्या जवानाच्या कमरपट्ट्याला लावलेला, मुठीएवढा. माणूस अर्धा मिनिट हलला नाही, की तो बेशुद्ध पडला असं समजून मी आधी टिवटिव करतो, मग कर्कश बोंब मारतो. टिवटिव चालू असताना तो हलला, की मी गप्प.

पण माणसं उभी राहतात तीही न हलता. पाणी येईपर्यंत, हुकूम येईपर्यंत. उभा कोण नि पडलेला कोण, हे मला कळत नाही. म्हणून सगळ्यांनी एक युक्ती शिकून घेतली होती. मी टिवटिवलो, की कंबरेला हिसका द्यायचा. बोलणं न थांबवता, माझ्याकडे न बघता.

मी ज्याच्या कमरेला होतो, त्याला अग्निशमन केंद्रावर सगळे ‘धाकटा’ म्हणत. ती सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी दूध तापेपर्यंतही त्याची कंबर हले. बायको म्हणायची, “आधी दूध उतरवा, मग नाचा!” हे तोच सगळ्यांना हसत सांगायचा.

त्याला या कामात आणलं दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. दाजी मला ‘बोंबल्या’ म्हणत. “याचं काय मनावर घ्यायचं? हा उठसूट बोंबलतो.” त्यांच्या पट्ट्याला माझ्यासारखाच दुसरा बझर होता. आवाजही तोच.

त्या दुपारी गाद्यांच्या गोदामाला आग लागली. एक कामगार आत अडकला होता. आत जायचं ते जोडीनं, हा नियम. दोघे दारापर्यंत गेले आणि धाकट्याने वर पाहिलं.

“दाजी, छप्पर झुकलंय. थांबा.”

“आत माणूस खोकतोय रे! दाराजवळच आहे. तू पाणी मार, मी आलोच.”

धाकटा थांबला. छप्पर खरंच झुकलं होतं. दाजी एकटे गेले.

थोड्या वेळाने कामगार रांगत बाहेर आला, आणि सगळे त्याच्याकडे धावले. तेवढ्यात आत काहीतरी धाडकन कोसळलं. दाराशी धूर दाटला. धाकटा पाइप घट्ट धरून, दाराकडे डोळे लावून, दगडासारखा उभा.

मी टिवटिवलो. तुकडीचे साहेब ओरडले, “अरे, हल ना जरा! कान किटले!”

त्याने हिसका दिला. मी गप्प झालो.

टिवटिव मात्र चालूच राहिली. त्याने पुन्हा कंबर हलवली. मग पुन्हा. मी गप्पच होतो, पण ‘हा मी नाही’ हे सांगायला मला तोंड नाही. आत गाद्यांच्या ढिगाखालून एक बोंब दबून, बारीक होऊन येत होती, आणि बाहेर माझा माणूस मला गप्प करत होता. ही सवय मीच त्याला लावली. रिकामं बोंबलून, वर्षानुवर्षं.

शेवटी वैतागून त्याने तळहात माझ्यावर दाबला. वाजताना मी हाताखाली थरथरतो; आता मी थंड, निश्चल.

“साहेब! हा माझा नाही! दाजींचा आहे!”

तो धावला. साहेबांनी त्याचा पट्टा मागून धरला. “एकटा नाही जायचं! तुलाही उचलायला लावतोस का? दुसऱ्याने मास्क चढवला की दोघं जा.”

ते थांबणं मी कमरेवरून अनुभवलं. एवढा वेळ तो उभा होता, पण मला एकदाही टिवटिवावं लागलं नाही. तो थरथरत होता.

दोघे आवाजाच्या मागावर गेले. दाजी लोखंडी रॅकखाली होते.

दवाखान्यात ताईने विचारलं, “तू कुठे होतास?”

“बाहेर.”

“आवाज नाही आला तुला?”

“आला, ताई. माझाच वाटला.”

ऑपरेशनला नेण्याआधी दाजींनीच त्याला जवळ बोलावलं. “काय रे, मी आत अडकलो आणि तू बाहेर नाचत होतास म्हणे?” धाकटा हसायला गेला, पण ते जमलं नाही.

आता मी नव्या जवानांना दाखवण्यासाठी प्रशिक्षणाच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. ते मला उलटसुलट करून बघतात आणि पहिल्याच दिवशी हिसका द्यायला शिकतात. बाबांनो, एवढं ऐका. टिवटिव झाली, की आधी हात माझ्यावर ठेवा. मी आहे की दुसरा कुणी, ते बघा. मग हला.

कामगार वाचला. दाजींचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.