पातळ बाजूनं दुसरी तार

कश्मिराच्या वडिलांची चंदीगडहून जोरहाटला बदली झाली, तेव्हा घरात अकरा काळ्या पेट्या भरल्या गेल्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात ‘विंग कमांडर गुरुनाथ कारखानीस’ आणि खाली आकडा. शिवाय ट्रेडमिल होती. तिच्यावर घरातलं कुणी कधी चाललं नव्हतं, पण टॉवेल फार छान वाळायचे, म्हणून तिला ट्रकमध्ये जागा मिळाली. कश्मिराच्या गिटारला मिळाली नाही. ती नाजूक, वाटेत मरेल, असं विंग कमांडरांचं मत पडलं. मग ती ऋतुराजकडे ठेवायचं ठरलं, कारण त्याला वाजवता येत नव्हती, त्यामुळे तिला त्याच्यापासून काही धोका नव्हता.

ऋतुराज मूळचा मिरजेचा. ज्या गावात गल्लीच्या गल्ली तंबोरे बनवते, तिथून तो शिट्टीसुद्धा न शिकता बाहेर पडला होता. चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत, नॉलेज सिटीतल्या एका प्रयोगशाळेत तो पीएचडी करायचा, म्हणजे दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली फळमाश्यांचे नर एकीकडे आणि माद्या दुसरीकडे करायचा. त्याच्या स्वतःच्या बाबतीत हे काम हवाई दलानं परस्पर उरकलं.

गिटारच्या सहा तारा जगभर एका ठरलेल्या पद्धतीनं लावतात. कश्मिरानं एका संध्याकाळी ऋतुराजच्या गच्चीवर बसून त्यातल्या चार उतरवल्या होत्या. का, तर म्हणे, ‘‘या फार आत्मविश्वासानं बोलतात यार.’’ खुंट्या पिळत, ऐकत, परत पिळत तिनं तासाभरात काहीतरी गाठलं आणि सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या. कुणीतरी दारात उभं आहे आणि चपला घालायच्या की काढायच्या ते त्याचं ठरत नाहीये, असा तो आवाज होता. त्यावर तिनं एक धून रचायला घेतली. अर्धीच झाली. अर्धवट आहे म्हणून रेकॉर्डही करू दिली नाही.

जाताना म्हणाली, ‘‘उरलेली आल्यावर. तोवर हात लावू नकोस हं. ही ट्यूनिंग हलली तर मला परत सापडायची नाही.’’

‘आल्यावर’ हा शब्द ऋतुराजनं नीट ऐकला. बाकी काही बोलायचं होतं ते दोघांनीही मोदकावर, ट्रॅफिकवर आणि तिच्या वडिलांच्या मिशीवर बोलून घेतलं.

त्यानंतर सात महिने त्यानं गिटारला हात लावला नाही. धूळसुद्धा फुंकून काढली. माश्यांच्या पंखांची लांबी दिवसातून तीनदा लिहून ठेवणाऱ्या या माणसानं सहा तारांची मात्र काही नोंद केली नाही, कारण नोंद करायची तर तार छेडायला हवी, आणि छेडणं म्हणजे हात लावणं. मेसेज यायचे-जायचे. ती तिकडच्या चहाच्या मळ्याचा फोटो टाकायची, तो इकडच्या धुक्याचा टाकायचा. त्यात काहीच दिसत नसे, पण ती अंगठा पाठवायची.

डिसेंबरात गीझर बिघडला. घरमालक चहल अंकल प्लंबरला घेऊन वर आले, तेव्हा ऋतुराज माश्यांपाशी होता. तो संध्याकाळी परतला, तर अंकल जिन्यातच उभे.

‘‘ओ पुत्तर, तेरी गिटार तो पूरी बेसुरी पड़ी थी! मैंने सेट कर दी. तीन मिनट लगे.’’

अंकलनी एकोणऐंशी साली पतियाळ्यात तीन लग्नांत गिटार वाजवली होती. त्यातलं एक त्यांचं स्वतःचं.

ऋतुराज म्हणाला, ‘‘थँक यू, अंकल.’’

‘‘और गीझर?’’

‘‘वो भी थँक यू.’’

वर जाऊन त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तारा छेडल्या. दारातला माणूस चपला घालून, रिक्षा पकडून, स्टेशनवर पोचला होता.

दोन दिवस त्यानं स्वतः प्रयत्न केला. फळमाशीचा नर ओळखता येतो, सूर ओळखता येईना. खालून अंकल हाक मारायचे, ‘‘पुत्तर, फिर बिगड़ गई? आऊँ?’’ तिसऱ्या दिवशी रविवार होता. पावणेपाचला, गच्चीवर ऊन असताना, त्यानं कश्मिराला फोन केला. सात महिन्यांतला पहिला.

‘‘ऋत्या? काय झालं? कोण गेलं?’’

‘‘ट्यूनिंग गेली,’’ तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, ‘‘पण तू मधे मधे लावत होतास ना?’’

‘‘हात लावू नको म्हणालीस.’’

‘‘अरे गाढवा, सात महिने हात नाही लावला तर ती तशीच उतरणार. मागे उन्हाळा, मग पाऊस, मग तुमची ती थंडी. ट्यूनिंग रोज लावली तरच राहते. मिरजेचा ना तू?’’

म्हणजे अंकलनी जे मोडलं, ते कधीच मोडलेलं होतं. त्याला अंकलची माफी मागावीशी वाटली, पण तो रागावलाय हेच अंकलना मुळात माहीत नव्हतं.

‘‘फोन स्पीकरवर टाक,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्यात जाड तार. वाजव. खाली... अजून खाली... ए, उलटी पिळतोयस! हां. थांब.’’

एकेक तार लागत गेली. परत सापडायची नाही म्हणालेली ट्यूनिंग तिच्या कानात पाठ होती. ती ‘थांब’ म्हणायची, तो थांबायचा. मधेच म्हणाली, ‘‘इथे अंधार पडला बघ,’’ आणि त्यानं गच्चीवरच्या उन्हाकडे थोडं अपराध्यासारखं पाहिलं. शेवटी पातळ बाजूनं दुसरी तेवढी राहिली. ती अगदी केसभर उतरवायची होती.

‘‘थांब. लागली. सगळ्या वाजव एकदा.’’

त्यानं छेडल्या. दारात कुणीतरी परत येऊन उभं राहिलं.

‘‘ऐक,’’ कश्मिरा म्हणाली, ‘‘जानेवारीत मी शिलाँगला चाललेय. शाळेत नोकरी मिळाली, पक्की. तिकडे यायचं काही आता... गिटार तूच ठेव. शिक.’’

‘‘आणि उरलेली धून?’’

‘‘सुचली नाही रे.’’

खाली अंकलचा टीव्ही चालू होता. ऋतुराजनं दुसऱ्या तारेची खुंटी किंचित ढिली केली.

‘‘कश्मिरा, ही परत उतरली.’’

‘‘वाजव. हो की. चढव... थांब.’’

त्यानं पुन्हा ढिली केली. ‘‘उतरली.’’

‘‘चढव. थांब. जुनी तार आहे, बदल ती.’’

चौथ्या वेळी ती सावकाश म्हणाली, ‘‘ऋत्या, तू मुद्दाम सैल करतोयस.’’

‘‘हो.’’

मागून तिच्या आईची हाक आली, ‘‘कशू, चहा झाला!’’ तिनं ‘‘हो आले’’ म्हटलं, पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही.

‘‘चढव,’’ ती म्हणाली. आवाज बदललेला होता.

तो एका हातानं तार छेडत, दुसऱ्या हातानं खुंटी पिळू लागला. सूर वर चढत चढत जिथं ती दर वेळी ‘थांब’ म्हणायची तिथं पोचला. ती काही बोलली नाही. सूर पुढे गेला. तिला ऐकू येत होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण तिचा श्वास फोनमध्ये अगदी जवळ ऐकू येत होता. त्यानं खुंटी आणखी थोडी पिळली, तार बोटाखाली ताठ होत गेली, आणि तरीही तिकडून कुणी ‘थांब’ म्हणालं नाही.