शेवटचं ताट

"माईच्या हातांकडे जरा बघत जा," असं नणंदेने निघताना उंबऱ्यातून सांगितलं होतं. सुनेने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. नणंद म्हणजे दोन दिवसांची पाहुणी. येणार, चार उणीदुणी काढणार आणि जाणार. शिवाय सुनेचा जीव लेकीत अडकलेला. छकुलीने दूध संपवलं का, अंड्यातलं पिवळं गिळलं की थुंकलं, पेरूची बी घशात तर अडकणार नाही ना, ही काळजी तिला दिवसभर पुरायची. सासूच्या हातांवर जांभळे डाग उठलेले तिलाही दिसले होते. तिने चांगल्यातलं क्रीम आणून दिलं आणि विषय मिटला असं मानलं.

घर शिंप्याचं. पुढच्या खोलीत नवऱ्याचं दुकान, मागे संसार. तिथे सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या माई, सकाळपासून राबत. सगळ्यांना वाढत आणि म्हणत, तुम्ही घ्या आटपून, मला अजून भूक नाही. सासरे गेल्यापासून ती भूक आणखीच आटली होती. शेजारणींना याचं कोण कौतुक. माईंचं खाणं चिमणीएवढं आणि काम वाघिणीचं, असं त्या आपापल्या सुनांना ऐकवत.

त्या सकाळी माईंनी छकुलीला कडेवर घेतलं. पोरीच्या सँडलचं बक्कल त्यांच्या हाताला नुसतं घासलं आणि ओला कागद सोलावा तशी कातडी मागे सरकली. सून किंचाळली. माई मात्र हाताला फडकं गुंडाळत म्हणत होत्या, आरडाओरडा नको, पोर घाबरेल.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुई घेतली, जखमेची कड चिमट्यात धरून पाहिली आणि सुई खाली ठेवली.

"इथे टाका धरणार नाही. ओढला की फाटेल."

मागे उभा असलेला नवरा बाकावर बसला. विरलेल्या कापडावर टाका घातला की काय होतं, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. तसलं कापड घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो हसून परत पाठवायचा.

पट्टी बांधता बांधता डॉक्टरीणबाई बोलत होत्या. वय वाढलं की कातडी पातळ होतेच. पण ती तगायला, भरून यायला पोटातून पुरवठा लागतो. डाळ, अंडं, दूध, मूठभर शेंगदाणे, हिरवी भाजी, एखादं आंबट फळ. रोजच्या घरातलंच, पण रोज पोटात जायला हवं. वरून क्रीम थापून आतली उपासमार मिटत नाही. जखम चिघळली तर हातावर बेतेल. मग त्यांनी विचारलं, माई रोज काय जेवतात?

"सगळं खाते की," माई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. छकुलीच्या पोटात काय गेलं ते सुनेने घासन् घास मोजून सांगितलं असतं. सासूला जेवताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात थांबली. माई ओट्याशी उभ्या होत्या. भाताच्या मुटक्याने त्यांनी डाळीचं पातेलं आतून पुसलं, दोन घास खाल्ले आणि वर कोरा चहा घेतला. भाजी संपली होती. अंडी नवऱ्याने, दिराने, छकुलीने खाल्ली होती. आणि तिने स्वतःही.

रविवारी दुपारी तिने पहिलं ताट वाढून माईंसमोर ठेवलं. बाकीची रिकामीच ठेवली. आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं, असं म्हणून दीर हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

"उचल ते," माई म्हणाल्या. "माझ्या सासूच्या आधी मी कधी घास घेतला नाही. बाईने उरल्यासुरल्यात भागवायचं असतं. सगळ्यांदेखत मला हावरट ठरवू नकोस."

"उरतच नाही, माई. मी बघितलंय." सून म्हणाली. "तुम्ही जेवल्याशिवाय मी कुणाला वाढणार नाही. मीही जेवणार नाही."

दिराने भाताकडे गेलेला हात मागे घेतला. आता नवरा आपल्यावरच उखडणार, या धास्तीने सुनेने वाढायचा डाव घट्ट धरून ठेवला. तो मात्र आईच्या पट्टीकडे बघत होता. पट्टीवर पिवळा ओलावा उतरला होता.

"माई, जन्मभर लोकांचं फाटलेलं शिवत आलो," तो म्हणाला. "तुझं मला शिवता येत नाही गं. जेव."

माईंनी अंड्याचा तुकडा उचलला. तोंडाशी नेला आणि हात तिथेच थबकला.

"तुमची ताटं रिकामी असताना गिळायचं कसं? मला कुणी शिकवलंच नाही."

मग त्यांनी डोळे मिटले आणि कडू औषध घ्यावं तसा तो तुकडा गिळला. सुनेने सगळ्यांना वाढलं, आपलं ताट घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसली.

जखम अजून भरलेली नाही. माई अजूनही भाजी हळूच दुसऱ्याच्या ताटात सरकवतात आणि सून ती परत त्यांच्या ताटात सरकवते. यावरून दोघींचं रोज वाजतं.

वाचकहो, तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? जेवलीस का, असं तिला विचारू नका. ती हो म्हणेल. आज जेवण झालं की उठा, आत जा, आणि तिच्या ताटात काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.