उत्तमची सही

सभा सुरू व्हायच्या आधीच शालूला घाम फुटला होता. तिसरीच्या वर्गात पालक दाटीवाटीने बसले होते आणि पुढच्याच बाकावर तिचा नवरा उत्तम होता. टेम्पोची फेरी सोडून तो आला होता, कारण इतरांबरोबर त्यानेही अर्जावर सही ठोकली होती. वर्गात एचआयव्ही असलेलं एक पोर आहे, ते काढून टाका, असा अर्ज. कुजबुज कुठून सुटली कुणास ठाऊक, पण पोराचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

शालूला माहीत होतं. निशिगंधा, तिच्या मेलेल्या बहिणीची आठ वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी, २००५ साली, तिला मुर्धा गावी आपल्या घरी आणलं तेव्हा शालूने नवऱ्याला सांगितलं होतं, "ताई-भावोजी टीबीने गेले. पोरीलाही त्याच्याच गोळ्या चालू हायत." खरं कळलं असतं तर त्याने पोरीला उंबऱ्याबाहेरच ठेवलं असतं, अशी धास्ती.

"नाव सांगा, बाई!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सांगणार नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "शेजारी बसून हा आजार होत नाही."

"मग आम्हीच शोधतो. घरोघर जाऊन!"

शालू उठली. 

"शोधू नका. माझी भाची हाय ती, निशिगंधा. दोन वर्षं माझ्या पोरीच्या, चंपाच्या कुशीत झोपते. चंपाला काय झालं न्हाय."

 उत्तमने मान वळवून पाहिलं. ती नजर तिला झेपेना. मग तो टेबलाशी गेला, अर्ज ओढून घेतला, बोट फिरवत आपली सही शोधली आणि पेनाने खोडली, इतकी दाबून की कागद फाटला.

घरी जाताना खाडीच्या बांधावर तो फुटला.

"दोन वर्षं! एवढा परका समजतेस मला?"

"घाबरले होते."

"मी तिला काढली असती असं वाटलं तुला?"

शालू बांधावरून पुढे चालू लागली.

"काढलीबी असती," मागून तो म्हणाला. "तेव्हा. आता न्हाय जमायचं."

दुसऱ्या दिवशी त्यानेच दोघी मुलींना शाळेत सोडलं. वर्गात अकरा पोरं आली नव्हती. शालूशी तो आठवडाभर धड बोलला नाही, पण निशिगंधाला गोळ्यांसाठी हॉस्पिटलात न्यायच्या दिवशी शालूच्या आधी तयार होऊन बसला.