ज्यूरीला दिलेला पाव

एलिफलेट थॉर्नचं कौतुक मला सांगू नका. इंग्लंडच्या राजाला अमेरिकेतून हाकलणाऱ्यांत तो होता, आमच्या राज्याचे निम्मे कायदे त्याच्या हातचे, काँग्रेसमध्ये बसून आला, मग न्यायाधीश झाला. सगळं खरं. लाच कधी घेतली नाही, हेही खरं.

गावात कोर्टाची इमारत नाही, म्हणून त्याचं कोर्ट भरायचं माझ्याच खानावळीत. त्या वर्षी पिंजऱ्यात होता माझा धाकटा भाऊ, असाहेल. चर्चच्या कारभाऱ्याचं कोठार जाळल्याचा आळ, शिक्षा फाशी. आणि पुरावा काय, तर कुणीतरी त्याला तिथून पळताना पाहिलं!

ज्यूरीचे बारा जण वरच्या खोलीत कोंडले. एकमत होईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही; रीतच तशी. संध्याकाळ झाली तरी वर आवाज चढलेलेच. पिंपं बनवणारा जोथम पाइक आमच्या बाजूचा, पण भुकेला अगदी कच्चा. भुकेपोटी हा फाशीला मान डोलावेल, या धास्तीने मी मागच्या जिन्याने गरम पाव आणि सफरचंदाच्या दारूचा बुधला वर पोचवला.

थोड्या वेळाने सगळे उतरले. पुढे पाइक. तो निकाल सांगायला तोंड उघडणार, तोच थॉर्न म्हणाला, "थांबा. कोटावर हा चुरा कसला?"

पाइक घाईघाईने कोट झटकू लागला.

"शपथेवर विचारतोय. कुणी दिलं?"

पाइकने माझ्याकडे पाहिलं. मेल्याला धड खोटंही बोलता येईना!

"चूक माझी, साहेब! मला कोंडा, पण यांचा निकाल ऐका!" मी ओरडले.

"आरोपीच्या बहिणीचं खाल्लेल्या ज्यूरीचा निकाल मी ऐकणार नाही, बाई. नवी ज्यूरी बोलवा."

"लढाईत जखमी होऊन आलात, तेव्हा याच बहिणीचं खाल्लंत ना?"

त्याची मान खाली गेली. शब्द मात्र फिरवला नाही.

नव्या ज्यूरीने जेवणवेळेच्या आतच असाहेलला दोषी ठरवलं. फाशीला सगळा गाव लोटला. "ताई, तू घरी जा," एवढंच तो म्हणाला. मी गेले नाही.

परतताना पाइकने मला गाठलं. "बाई, आम्ही निर्दोष म्हणणार होतो. सगळ्यांचं ठरलं होतं."

"पाव खाल्ल्यावर?"

"आधीच. उतरतच होतो, तेवढ्यात तुम्ही आलात. म्हटलं, गरम आहे, खाऊनच उतरू."