सतरा ऑक्टोबरची रिकामी ओळ

मी एक जुनी दिनदर्शिका आहे. मित्रांनो, माझ्यावर वार नाहीत आणि सालही नाही. फक्त बारा महिने आहेत आणि प्रत्येक तारखेसमोर एक ओळ. त्या ओळीवर ज्याचा वाढदिवस असेल त्याचे नाव लिहायचे. त्यामुळे वर्ष संपले म्हणून मला कोणी काढून टाकत नाही. आमच्या देशात घरोघरी अशी एक दिनदर्शिका असते आणि ती संडासात, बसल्यावर समोर दिसेल अशी टांगतात. हसू नका. घरातला प्रत्येक माणूस रोज थोडा वेळ शांत बसून माझ्याकडे पाहतो. असे भाग्य दिवाणखान्यातल्या घड्याळालाही मिळत नाही.

माझा कागद जाड आहे आणि दर पानावर कुरणातल्या एका पक्ष्याचे चित्र आहे. शाळेच्या मदतीसाठी भरलेल्या बाजारात हिस्केने मला विकत घेतले. ती आणि तिचा नवरा गेर्लोफ त्या हिवाळ्यात नुकतेच या घरात राहायला आले होते. गेर्लोफ बांधाजवळच्या पंपघरात इंजिनिअर होता. आमच्या गावाची जमीन समुद्राहून खाली आहे. पंप थांबले आणि चार दिवस पाऊस लागला, तर गाई पाण्यात उभ्या राहतील.

गेर्लोफने माझा खिळा गवंड्याची लेव्हल-पट्टी लावून, तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये आल्यावरच ठोकला. हिस्के दारात उभी होती.

"इथे येणारा माणूस खिळा सरळ आहे का बघायला येत नाही, गेर्लोफ."

"बसल्यावर दुसरं काम काय असतं? नक्की बघेल."

मग त्याने नकाशे काढायच्या पेनाने माझ्यावर नावे लिहिली. अक्षर बारीक आणि उभे होते. नावापुढे जन्माचे साल होते, म्हणजे वजाबाकी केली की वय कळे. रेन्स्के मार्चमध्ये जन्मली आणि तीन वर्षांनी येल्मर नोव्हेंबरमध्ये. दोन्ही वेळा गेर्लोफ दवाखान्यातून आला तो अंगातला कोट न काढताच माझ्यासमोर उभा राहिला. दर एक तारखेला तो माझे पान उलटी, नावांवरून बोट फिरवी आणि ज्याच्या त्याच्या दिवशी जेवणानंतर फोन करी.

घरात आतून कडी असलेली ही एकच खोली होती. त्यामुळे रडायला सगळे माझ्याकडेच येत. हिस्केचा भाऊ गेला तेव्हा ती येथेच बसून रडली. नंतर तिने त्याचे नाव खोडायला पेन मागितले.

"खोडू नकोस," गेर्लोफ म्हणाला. "तो जन्मला होता, ते काही रद्द होत नाही."

त्याने नावापुढे, गेलेल्या माणसासाठी काढतात तसा, लहानसा क्रूस काढला आणि दर वर्षी त्या तारखेला भावाच्या बायकोला फोन करू लागला. "त्या दिवशी तिच्याकडे कोणाचा फोन येत नाही," तो म्हणे, "म्हणून करायचा."

तो स्वतः मात्र माझ्यासमोर एकदाच रडला. रेन्स्केच्या सातव्या वाढदिवशी एक पंप बंद पडला होता. तो परतला तेव्हा पाहुणे गेले होते. ओले बूट घालून तो कितीतरी वेळ आत बसून राहिला. शेवटी दारावर छोटी टकटक झाली.

"बाबा, तुझा केक मी झाकून ठेवलाय. येल्मरने नुसता चाटलाय. ये ना बाहेर."

आता मित्रांनो, एक गोष्ट सांगते, जी अनेक वर्षे गेर्लोफशिवाय फक्त मलाच ठाऊक होती.

गेर्लोफचा वाढदिवस सतरा ऑक्टोबरला असे. दर वर्षी त्या दिवशी दिवाणखान्यात खुर्च्यांचे रिंगण होई आणि आमच्या रीतीप्रमाणे सगळे सगळ्यांचे अभिनंदन करीत. पण एका वर्षी हिस्केची आई फार आजारी होती. हिस्के रोज रुग्णालयात जाई आणि मुले परीक्षेत बुडालेली होती. सतरा तारीख आली आणि कोणालाच आठवली नाही. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस असतो तोच केक आणतो. त्या संध्याकाळी गेर्लोफ केकचा खोका घेऊन आला. संडासाचे दार उघडेच होते. मला सगळे ऐकू आले.

"आज केक कसला?" येल्मरने विचारले.

गेर्लोफने खोका टेबलावर ठेवला. "पंपाचा वाढदिवस. तीस वर्षं झाली त्याला."

"मग मेणबत्त्या कोण विझवणार?"

"तूच विझव," रेन्स्के म्हणाली, "तुझ्यात हवा भरपूर आहे."

हिस्के हसली. कित्येक आठवड्यांत मी तिचे हसणे ऐकले नव्हते. थोड्या वेळाने गेर्लोफ आत आला. त्याने सतरावर बोट ठेवले. ती ओळ कोरी होती, कारण इतकी वर्षे सगळ्यांची नावे लिहिताना त्याने स्वतःचे लिहिलेच नव्हते. त्याने खिशातून पेन काढले, टोपण उघडले. बाहेर हिस्के अजून हसत होती. त्याने टोपण परत लावले. का, ते मला माहीत नाही. मी कागद आहे. माझ्यावर जे लिहिले जाते तेवढेच मला कळते.

पुढच्या वर्षांत त्याचा दिवस कोणी विसरले नाही. पण ओळ तशीच राहिली.

म्हातारपणी, एका फेब्रुवारीत, दारातला बर्फ काढताना गेर्लोफ खाली पडला आणि गेला. मार्च आला, एप्रिल आला, माझ्यावर फेब्रुवारीच होता. रेन्स्केचा वाढदिवस फेब्रुवारीच्या पानाखाली झाकून गेला. माझ्या कडांवर बुरशी चढली.

मे महिन्यात रेन्स्के आवराआवर करायला आली. हिस्के लहान घरात राहायला जाणार होती.

"आई, हिला टाकून देऊ. नवीन आणते, नावं उतरवून घेऊ."

"आधी त्याचा क्रूस काढते. आजवर सगळ्यांचे त्यानेच काढले."

हिस्केने ऑक्टोबर उघडला. मग सप्टेंबर. मग ती बाराही पाने एकेक करून पाहत गेली. माझे खिळ्याचे भोक फाटले.

"त्याचं नावच नाही, रेन्स्के."

"राहून गेलं असेल चुकून."

"त्याच्या हातून कधी काही चुकून राहिलंय?" हिस्के झाकणावर बसली. "रोज इथे बसतो आपण. एवढ्या वर्षांत एकानेही बघितलं नाही."

रेन्स्केने पुन्हा ऑक्टोबर उघडला. मग हळूच म्हणाली, "आई, पंपाचा वाढदिवस. आजी आजारी होती तेव्हाचा. ऑक्टोबर होता तो."

हिस्केने गेर्लोफचे पेन मागितले. शाई वाळून गेली होती. रेन्स्केने निब कोमट पाण्यात धरली तेव्हा कुठे शाई उतरली. हिस्केने सतरासमोर 'गेर्लोफ' लिहिले आणि पुढे साल. अक्षर वाकडे आले.

"आणि क्रूस?" रेन्स्केने विचारले.

"आज नको. आत्ता कुठे त्याचं नाव लागलंय."

मला कोणी टाकले नाही. आता मी हिस्केच्या लहान घरात आहे, फाटक्या भोकाला चिकटपट्टी लावून, थोडी तिरकी टांगलेली. सतरा ऑक्टोबरला जेवणानंतर हिस्केचा फोन वाजतो. तो रेन्स्केचा असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात सगळ्यांच्या तारखा लक्षात ठेवणारे एक माणूस असेल. त्याची तारीख कुठे लिहिली आहे, ते आजच पाहा. लिहिलेली नसेल तर तुम्ही लिहा, त्याला वाचता येते आहे तोवरच.

क्रूसाची जागा हिस्केने अजून मोकळीच ठेवली आहे.