सजवलेली बालवाडी

वरवंडला एसटीडीचे पिवळे बूथ नवेनवे झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. चांगुणा बौद्धवस्तीतल्या एका छपरीत बालवाडी चालवायची. खुरपायला, कांदा काढायला जाणाऱ्या बायांची लेकरं दिवसभर तिच्या हवाली. पण छपरीचे पत्रे सडलेले. पाऊस लागला की बालवाडी बंद, आणि लेकरं आयांबरोबर बांधावर. आदल्या आषाढात तिथंच एकाला विंचू चावला होता. पोर वाचलं, पण तेव्हापासून आभाळ भरून आलं की चांगुणा सारखी बांधाकडं बघायची.

सरकारी अनुदानासाठी तिनं दौंडला हेलपाटे घातले. गावात अंगणवाडी आहे, दुसरीला अनुदान बसत नाही, असं उत्तर आलं. मग शाळेतल्या नागसेन गुरुजींनी पेपरातून पुण्याच्या एका ट्रस्टचा पत्ता काढला आणि अर्ज लिहून दिला. कळलं, की एक बाई बालवाडी बघायला येणार.

धनगरवस्तीवरच्या तानुबाईचा नातूही तिथंच असायचा. तिनं पदर खोचला.

"पाव्हणी येनार म्हंजी जागा नेटकी दिसाया पायजे."

सोसायटीतून खुर्च्या आल्या, जालिंदरच्या गिरणीतून पंखा. वर भोकं दिसू नयेत म्हणून तानुबाईनं स्वतःचं ठेवणीतलं लुगडं ताणून बांधलं. पोरांना तिनं आपल्या घरी धाडलं.

ट्रस्टच्या करुणाताई आल्या. पुरणपोळी जेवल्या, चहूकडं बघितलं.

"फार छान ठेवलंय," त्या जरा अवघडून म्हणाल्या. "पण खरं सांगू? याहून अडचणीतले अर्ज आहेत आमच्याकडे."

तानुबाईची मान ताठ झाली. तिला ते कौतुकच वाटलं. गुरुजी खाली बघू लागले. चांगुणाच्या डोळ्यांपुढं मात्र तो बांध आला. ती उठली आणि लुगड्याची गाठ सोडली. भोकाभोकांतून उन्हाचे कवडसे ताईंच्या मांडीवर पडले.

"ताई, ह्यातलं आमचं काय बी न्हाई. खुर्च्या सोसायटीच्या, पंखा गिरणीचा, लुगडं हिचं."

"आन् पोळीचा गूळ माझाच," तानुबाई फणकारली.

"आणि मुलं?" ताईंनी विचारलं.

"माझ्या वाड्यात, मेंढरापाशी. शेंबडी पोरं काय पाव्हण्याम्होरं बसवायची व्हय?"

ताई इतक्या हसल्या, की डोळ्यांना रुमाल लावावा लागला. मग म्हणाल्या, "चला, तिकडंच जाऊ." कोकरांच्या अंगावर रेलून झोपलेली ती लेकरं त्या बराच वेळ बघत राहिल्या.

पावसाळ्याआधी ट्रस्टच्या पैशांतून नवे पत्रे चढले.

पुढच्या वर्षी ताई पुन्हा आल्या, तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता आणि आत लेकरं मांडी घालून गाणी म्हणत होती. तानुबाईनं तरीही एक खुर्ची सोसायटीतून आणलीच होती. ताई खुर्चीवर बसल्या नाहीत. खाली सतरंजीवर बसल्या, तसं तानुबाईचा नातू येऊन त्यांच्या मांडीवर बसला. तानुबाईनं लगबगीनं पुढं होऊन पदरानं त्याचं नाक पुसलं.

चांगुणानं ताईंच्या हातात चहा दिला आणि कप ठेवायला ती खुर्ची पुढं सरकवली.