रिकामी गाडी सुटली

शीळफाट्याला रिकाम्या गाडीत बसेल तो वेडा! खाजगी मोटारवाल्यांनी लोकांना हे पक्कं शिकवून ठेवलं होतं. भरल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि जो आधी बसेल तो सगळ्यांत जास्त उकडून निघायचा. म्हणून सगळे झाडाखाली उभे राहून एकमेकांची तोंडं बघायचे. आधी तू बस, मग मी!

आता त्या मार्गावर सरकारी गाडी आली होती. चंदू पूर्वी याच फाट्यावर ‘कल्याण, कल्याण’ ओरडून मोटार भरायचा. आता खाकी कपडे घालून कंडक्टर झाला होता. नोकरी मात्र अजून कच्ची. पहिल्याच दिवशी तपासनीस प्रभाकरपंत पुढच्या बाकावर येऊन बसले आणि त्यांनी बजावलं, "ओरडायचं नाही. ही सरकारी गाडी आहे, मासळीबाजार नव्हे."

झाडाखाली दगडाबाई कोळीण उभी होती. कल्याणजवळच्या विठ्ठलवाडीला तिची लेक कलावती बाळंतपणात अडली होती. सांगावा आल्यापासून म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण बाकीच्यांबरोबर तीही, सवयीने, गाडी भरायची वाट बघत राहिली. चंदूचा जीव नुसता तिळतिळ तुटत होता.

गाडी सुटायची ठरलेली वेळ झाली. त्याने घंटी मारली. गाडी हलली तशी माणसं हसायला लागली.

"थोरी पुढं जाईल नि परत मागं येईल! जुनी खोड हाय मोटारवाल्यांची!"

खड्ड्यात गेली नोकरी! चंदूने दाराच्या दांडीला लोंबकळून बोंब ठोकली, "दगडाआजी, पळ! ही मागं येनार नाय!"

दगडाबाई लुगडं सावरत धावली. चंदूने गाडी थांबवून तिला हाताला धरून वर ओढलं. बाकीचे हसतच राहिले.

"ओरडलास?" प्रभाकरपंत कडाडले. चंदूने मान खाली घातली. पंतांनी धापा टाकणाऱ्या म्हातारीकडे पाहिलं. "गाढवा, ओरडायचंच होतं तर आधी ओरडायचंस! मार घंटी."

दगडाबाईने रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. "आता कोनासाठी थांबाची रं पोरा?"

"कोनासाठीच नाय."

"म्हंजी... एवरी मोठी गारी माज्या एकटीसाठी?"

"हां आजी, तुझ्या एकटीसाठी."

इतका वेळ धरून ठेवलेलं रडू म्हातारीला आवरेना. मग डोळे पुसून ती खिडकीतून कल्याणच्या दिशेने ओरडली, "कलावती, आयलू गो बाय, आयलू!"